तो गंभीर रोमी कोण होता?

प्रिय रोमी,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. रडून झालं होतं. पण कालच्या तुझ्या प्रार्थनासभेपासून डोकं असं तापलंय की सकाळी पूजेत रोजचं स्तोत्रसुद्धा दोनदा चुकलं. म्हणून लिहायला बसले.

तुझी ताई फिलिपिन्सहून, तुमच्या सेबूहून आली होती. चर्चमध्ये उभी राहून म्हणाली, "माझा भाऊ गंभीर होता. फार कमी बोलायचा." मी वाट बघितली, आता कोणीतरी "चारोत" म्हणेल. कोणी म्हणालं नाही.

तू कमी बोलायचास? इथे इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या शेजारी राहायला आलास त्याच आठवड्यात मला म्हणालास, "मुद्रा, ब्लाउज छान आहे. पडद्याचं कापड उरलं होतं वाटतं. चारोत." मुद्रा म्हणजे आई आणि चारोत म्हणजे गंमत केली, हे मला मागाहून कळलं. कापड पडद्याचंच होतं, ते सोड.

केअर होममध्ये काम करणारे तुम्ही चौघे मित्र माझ्या किचनमध्ये पोहे खायला जमायचात. तुमची गावाकडची बिसाया, इंग्रजी, काय हाताला लागेल ते जोडून नवे शब्द पाडायचात. एकमेकांना "बायोत" म्हणायचात. गे माणसाला हिणवायचा शब्द तो. मी रागावले, घरात देव आहेत, शिव्या नकोत. तू म्हणालास, "मुद्रा, गावात हाच शब्द आम्हाला फेकून मारायचे. आता आम्ही तो लाडाने वापरतो. फुकट मिळालेली वस्तू टाकायची नाही, तूच सांगतेस ना?"

काल तुझ्यामागे उरलेल्या त्या तिघांना ताईने दारातच बजावलं, "ती बायकी भाषा आज नको." तिघे मागच्या बाकावर तोंड मिटून बसले. आणि मी? मॅट्रिक शिकलेली, इंग्रजीत अडखळते, म्हणून मीही गप्प. माझाच मला राग येतो.

तुझाही येतो. रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल आला की आवाज जाड करून नुसतं येस-नो का करायचास? तिला तिचा भाऊ कधी भेटलाच नाही, रोमी.

निघताना मी तिला म्हटलं, "तुमच्यात चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करतात ना, ती माझ्या घरी."

"आंटी, ते तिघे येणार असतील तर त्यांना नीट बोलायला सांगा."

"माझ्या घरी देवासमोर खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं.

तिघे येतील. पोहे होतील. आणि ताईसमोर सगळ्यांत आधी मी बोलेन, मोडक्या इंग्रजीत, त्या ब्लाउजपासून सुरुवात करून. तोच ब्लाउज घालून. हे वचन आहे, चारोत नाही.

तुझी शेजारची मुद्रा,
सुमन