गोळीची प्रदक्षिणा

१० जानेवारी १९५९, अमरावती
उत्तमराव पेंटरचा खून करावा की नुसते कान उपटावेत! मुंबईला पाहिलेलं पिनबॉलचं यंत्र डोक्यात धरून वर्षभर खपले, तेव्हा हा पहिला नमुना उभा राहिला — उतरती फळी, बेअरिंगची गोळी, ती उडवायला खाली बटणांवर हलणारी दोन वल्ही. फळी रंगवायला दिली. मधोमध, जिथे गोळी सगळ्यांत जोरात आदळायची, तिथे याने अंबादेवी काढली!
"मंधात जागा रिकामी होती, बाई. रिकामी कायले ठेवाची?"

११ जानेवारी
शेजारची पार्वताबाई खेळायला म्हणून आली. चप्पल काढली, देवीवर फूल ठेवलं, हात जोडले. बटणाला स्पर्श नाही!
"देवीले गोळी मारू काय मी?"
उत्तमराव पुसायला तयार नाही. पाप लागतं म्हणे. म्हटलं, मी खरवडते, मी कॉन्व्हेंटात शिकलेय! ब्लेड घेतलं.
मग चहा केला.

१४ जानेवारी
मोरोपंत तिळगूळ घेऊन आला. भाऊ असला तरी वकीलच — "अक्का, पेन्शनीत माणसं पोथी वाचतात." शनिवारी अकोल्याचा ओमप्रकाश येतोय. तो गावोगाव खेळांचं प्रदर्शन भरवतो; पसंत पडलं तर तिथे माझी यंत्रं लागतील. नाही तर मोरोपंताची जन्मभराची करमणूक! मुलींना भूमिती शिकवण्यात आयुष्य घातलं, ते काय यासाठी?

१५ जानेवारी
सापडलं! देवीला धक्का लावायचाच नाही. तिच्याभोवती पत्र्याची वाट — गोळी प्रदक्षिणा घालेल! उजवं वल्हं गोळी डावीकडे वर उडवतं, ती देवीमागून फिरून उजवीकडून उतरते. अगदी शास्त्राप्रमाणे, आणि बटणही उजव्या हाताचं. उलट्या वाटेला एक झडप बसवली.
पार्वताबाई खेळायला लागली ती हलेना. घरी तिची भाजी करपली.

१७ जानेवारी
ओमप्रकाश खेळला. पुन्हा खेळला. घाम पुसला. "अकोल्याले हे नाही चालनार, बाई." आणि गाडी गाठायला पळाला. का, ते विचारायच्या आत!
मोरोपंत हसला नाही. ते जास्त झोंबलं.

१९ जानेवारी
ओमप्रकाशचा माणूस आला. निरोप — "तुमची देवी तुमच्यापाशी राहू द्या. आमाले आमचा राजेश्वर काढून द्या. दहा यंत्रं पायजेत."
पण शंकराला अर्धीच प्रदक्षिणा! गोळी आल्या वाटेने परत फिरवायची कशी?
मोरोपंत पेन्सिलीला टोक काढतोय.