टाकीच्या तळाचा नंबर

२२ एप्रिल २०२४

आले एकदाची संभाजीनगरला! नाशिक सोडल्यापासून वाटेत हिरवं असं काही दिसलंच नाही, पण माझा उत्साह काही वाळला नाही. पोहनेरकर सर स्वतः क्रांती चौकात गाडी घेऊन आले होते. बोलघेवडा माणूस. शहर कसं शेंद्र्यापर्यंत पसरलंय, कुठं काय उभं राहतंय, हे चिकलठाणा येईपर्यंत सांगत होते. जालना रोडवर त्यांचं नवं हॉटेल होतंय आणि त्याच्या दारात उंच खांबावर एक जुनं विमान बसवायचं त्यांच्या मनात आहे. विमान भंगारवाल्याकडून घेतलंय. त्याचा खरा इतिहास शोधून पाटीवर लिहायचा, एवढं माझं काम.

आजवर मी रोडरोलरचे, छापखान्यातल्या यंत्रांचे नंबर वाचून त्यांची कुळं शोधली. विमान पहिल्यांदाच! एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये ते ठेवलंय आणि शेडला लागूनच माझी खोली. राखणदार सांडूकाका करमाडकडचे, पंचावन्नच्या आसपासचे, रुंद खांद्यांचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून त्यांनी माझ्यासाठी दोन ड्रम भरून ठेवले होते. आईला फोन करून सांगितलं, मजेत आहे.

२४ एप्रिल

विमान पिवळं, टोळासारखं. पिकांवर औषध फवारायचं, एका वैमानिकापुरतं. इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलंय. वैमानिकाच्या पुढ्यात औषधाची पत्र्याची टाकी, चांगली छातीइतकी खोल. वर झाकण. त्याची कडी बाहेरून.

लोकांना वाटतं विमानाला एकच नंबर असतो. तसं नाही. सांगाड्याला वेगळा, टाकीला वेगळा. कुठली टाकी कुठल्या सांगाड्यावर बसवली याची कारखान्यात नोंद राहते, त्यामुळं जोडी जुळवता येते. इथं गंमत अशी की सांगाड्यावरची नंबरपट्टी नव्या रिव्हेटांनी ठोकलीय आणि टाकीवरचा नंबर कानशीनं घासून टाकलाय. म्हणजे कुणीतरी हे विमान दुसऱ्याच विमानाच्या नावानं चालवलं. चोरीचं असेल! हॉटेलात जेवायला येणाऱ्यांना वाचायला बरं.

२७ एप्रिल

घासलेल्या जागी खड्डा बुजवायला रंगाऱ्याची लांबी भरलीय का, ते बोटानं ठोकून बघत होते. आतून ठोकल्याचा आवाज आला. मी थांबले, तो थांबला. पुन्हा ठोकलं, पुन्हा आला. दुपारी या शेडची भट्टी होते, उन्हानं पत्रा तडतडतो, हे मला कळतं. पण पत्रा माझ्याकडं बघून तडतडत नाही.

झाकण उघडून बॅटरी मारली. टाकी रिकामी. वास मात्र असा की कालच औषध ओतलं असावं. जेवण गेलं नाही.

३० एप्रिल

सांडूकाका रोज दुपारी विमानाच्या चाकाशी तांब्याभर पाणी ठेवतात. टँकरचं, प्यायचं पाणी. दोनदा विचारलं, टाळलं. आज आपणहून बसले आणि बोलले.

त्यांचा थोरला भाऊ कडुबा. शहाऐंशी साली पाऊस दगा देऊन गेला, शेतात काम उरलं नाही, म्हणून कडुबा फवारणीच्या विमानावर मजुरीला लागला. अंगानं काटकुळा, त्यामुळं टाकीत उतरून ती धुवायचं काम त्याच्याकडं. एका दुपारी तो घरी परत आलाच नाही. विमानवाल्यांनी सांगितलं, पळून गेला. त्याची बायको मालनबाई अजून मंगळसूत्र घालते. मेला असं तिला कुणी सांगितलेलंच नाही. तसलंच एक विमान इथं आलंय असं कानावर आल्यावर काकांनी राखणीची नोकरी मागून घेतली.

"इमान पिवळंच व्हतं," काका म्हणाले. "पण पिवळी इमानं लई असतेत, ताई. हेच हाय का, तेवढं बघा."

मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं का?

३ मे

जुन्या विमानांचा नाद असलेल्या ओळखीच्या लोकांना मेल केले होते. उत्तर आलं. शहाऐंशीच्या हंगामात या भागात फवारणी करणाऱ्या विमानाचा नंबर ४१७. कडुबा नाहीसा झाला त्याच महिन्यात ते जळून खाक झाल्याचं लिहिलंय. आपल्या विमानावर पट्टी आहे ३९२ ची. चांगलं विमान जळालं म्हणून कोण सांगतं? का?

४१७ च्या टाकीचा नंबर ११६३. तो आत तळाशीही ठोकलेला असतो म्हणे. आत उतरून वाचायचा, बस्स.

बस्स लिहिलं खरं. झाकणापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत.

हातांना तो वास येतोय. साबणानं जात नाही. चहालाही तोच.

५ मे

पोहनेरकर सर येऊन गेले. म्हणाले, पाटीवर ३९२ लिहा आणि मोकळ्या व्हा. इंजिन नसल्यानं विमानाचं नाक हलकं झालंय, म्हणून टाकीत काँक्रीट भरणार. परवा नाही तेरवा मिक्सर येईल. अक्षय्य तृतीयेला विमान खांबावर.

मी कडुबाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मेलेल्या माणसाची पाटी लावली तर दारात कुणी जेवायला थांबेल का?

ठोके आता मी न ठोकताही येतात. ऊन चढलं की सुरू. उतरलं की बंद. गावी निघून जावं असं सकाळपासून— पण काकांच्या तोंडाकडं बघवत नाही.

७ मे

काका मालनबाईंना घेऊन आले. बारीक, ताठ बाई. विमानाभोवती एक फेरी मारली, टाकीला कान लावला.

"अवं, म्या हाय," एवढंच म्हणाल्या.

आतून ठोका. मग खरवडल्यासारखं काहीतरी, बराच वेळ.

त्या रडल्या नाहीत. मंगळसूत्र मुठीत धरून माझ्यासमोर आल्या. "सारं गाव म्हनलं, टाकून गेला. पोटच्या लेकीनंबी तेच म्हनलं. नंबर बघा, ताई. हेच असल तर मला कळू द्या."

काका लगेच आत उतरायला निघाले. खांदे झाकणातून जाईनात.

मी जाईन म्हटलं. उद्या, मिक्सरच्या आधी. माझ्याच तोंडून निघालं.

८ मे

आत आहे. नंबर उतरवून घ्यायला वही आणली, मोबाईल उन्हानं तापून बंद पडलाय. काका शिडीवर, झाकण धरून. मालनबाई खाली. बॅटरी दातांत धरलीय.

तळाला पांढरा थर. किल्लीनं खरवडतेय. ११— ६—

३. ११६३. हेच आहे.

ओरडून सांगितलं. बाहेर मालनबाईंचा हंबरडा. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

भिंतींवर ओरखडे आहेत. झाकणाच्या कडेला सगळ्यात जास्त. नखांचे.

निघते. काका, हात द्या म्हटलं. देतो म्हणाले. पण आवाज वरून नाही आला. माझ्या पाठीमागून— पाठीमागं जागाच नाही इथं—

झाकण पडलं. काका बाहेरून ओरडतायत, म्या हातबी नाय लावला, कडी निघंना. कशानं तरी ठोकतायत. मीही ठोकतेय. आम्ही दोघं ठोकतोय. तिसरंही कुणी—

पायाला ओलं लागतंय. मिक्सर तर अजून फाटकाशी— काँक्रीट नाही हे. पातळ. तोच वास. घोट्यापर्यंत. कोण ओततंय? वर तर फक्त काका—

गुडघे. डोळे चुरचुर— अक्षर दिसत नाही.

मालनबाईंना सांगा. कडुबा पळाले नव्हते. टाकी भरत होती तेव्हा जिवंत होते. झाकण वाजवत होते. आणि वरून ओतणाऱ्यांना ते ऐकू येत हो—