पट्टा नांदेडला बदलला

अण्णा, माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला आहे आणि तो कुठे बदलून घ्यावा हे काही केल्या ठरत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काचेआड बसवतात, कॉफी देतात, पण गाडीला हात कोणाचा लागला ते कळत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे जावं तर मनात शंका येतात. सून म्हणते, "आई, एवढा काय विचार करता? पट्टाच तर आहे." तिचं बरोबरच आहे. पण एका पट्ट्यावरून आपल्या घरात काय झालं होतं ते तिला ठाऊक नाही, आणि तुमच्याशी तर मी त्याबद्दल कधी बोललेच नाही.

तुमची पांढरी मारुती परभणीत आली तेव्हा मिशनच्या सिस्टरांच्या शाळेतून आणि हॉस्टेलमधून बाहेर पडून मी नुकती घरी राहायला आले होते. गाडी घेऊन तुम्ही कोर्टात न जाता आधी वसमत रोडला मिस्त्रीकाकांच्या गॅरेजवर गेलात. तुमची जुनी फियाट त्यांनीच वर्षानुवर्षं चालती ठेवली होती. बॉनेट उघडून त्यांनी कान लावला आणि मान हलवली. "वकीलसाहेब, हे इंजिन हाय का शिलाई मशीन?"

"शिलाई मशीनलाही मिस्त्री लागतोच की," तुम्ही म्हणालात.

"मग बायकोकडं शिकाय लागंल मला. घरी हुकूम चालवतीच, आता गॅरेजात बी चालवंल."

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. घरी तुम्ही असे हसत नव्हता. कोर्टात तर प्रश्नच नव्हता. कोर्टातून येताना कधी गाडी बिघडलेली नसतानाही तुम्ही त्या ऑइलने काळ्या झालेल्या बाकड्यावर चहा पीत बसायचात, आणि आई जेवणासाठी खोळंबायची. तुमचे परिचित गावभर होते. मित्र, मला वाटतं, तेवढे एकच.

मिस्त्रीकाका बौद्ध होते. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा मध्येच विझल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा भडकायचा. मोर्चा निघाला की काका सगळ्यांत पुढे, आवाजही त्यांचाच मोठा. गॅरेजवर निळा झेंडा लागला तशी आसपासच्या गावांतली ट्रॅक्टरं तिथे यायची हळूहळू थांबली. आणि त्याच गावांतल्या जमिनींचे दावे तुमच्याकडे होते. आपलं घर त्यावर चालायचं, हे मी विसरलेले नाही.

मारुतीला तीन-चार वर्षं झाली त्या सुमारास काका कामासाठी हैदराबादला गेले होते. येताना तुमच्या गाडीचा टायमिंगचा पट्टा घेऊन आले. परभणीत तो मिळत नव्हता. "हा रबरी पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद. रानात अडकून बसाल. जुना झालाय, लवकर आणा साहेब," ते म्हणाले. "आणतो," तुम्ही म्हणालात. मी शेजारीच उभी होते.

मग एका सकाळी वालूरचे पाटील आपल्या ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या भावकीचे सगळे दावे तुमच्याकडे. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, आणि ते सहज बोलावं तसं म्हणाले, "गाडी अजून तिथंच न्यायलाव व्हय, वकीलसाहेब? लोक इचारायलेत."

"काय विचारतात?"

"हेच की, वकीलसाहेब आमचे का त्यांचे."

"पाटील, गाडीच्या पट्ट्यात आमचं-त्यांचं कुठून आलं?"

"आमी कुठं काय म्हणलो? तुमी शाने हाव."

पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, चल, नांदेडला जाऊ, कंपनीचं गॅरेज आहे. मला फिरायला मिळणार म्हणून मी खूश. पण वसमत रोडला लागायचं सोडून तुम्ही गाडी स्टेशनच्या बाजूने, गल्लीबोळांतून काढलीत आणि गॅरेज मागे पडल्यावरच मोठ्या रस्त्याला आलात. मी विचारलं, "इकडून का?" तुम्ही म्हणालात, "तिकडे गर्दी असते." रविवारी सकाळी कसली गर्दी, अण्णा? नांदेडला पट्टा बदलून आपण परत आलो.

आणि मग तो दिवस. पाटील पुन्हा ओसरीवर बसलेले आहेत. फाटक वाजतं. मिस्त्रीकाका उभे आहेत, धुतलेला शर्ट, हातात हत्यारांची पिशवी. "साहेबांना येळ न्हाई, म्हणलं आपणच जावं. सावलीत गाडी लावा, दुपारपर्यंत करून देतो." दुसऱ्या हातात पट्टा, अजून कागदात गुंडाळलेला. तुम्ही उठून फाटकापर्यंत गेलात, पण ते उघडलं नाहीत. "बदलला मिस्त्री, नांदेडला. नव्या पद्धतीची गाडी आहे, कंपनीची हत्यारं लागतात." काकांनी तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या खांद्यावरून पाटलांकडे पाहिलं. मग पट्टा पिशवीत टाकला. "बरं केलंत," म्हणाले. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "नको ताई," म्हणाले आणि सायकलवर बसले. पाटलांनी सुपारी कातरायला घेतली.

चहाचं बाकडं तेव्हाच सुटलं. पुढे काही वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निकाल काकांच्या बाजूने लागला आणि थोड्या दिवसांनी तुम्ही पेढ्यांचा बॉक्स घेऊन गॅरेजवर गेलात. माहेरपणाला आलेली मी गाडीत बसून होते. शाळेत भांडण झालं की सिस्टर आम्हाला समोरासमोर उभं करायच्या आणि माफी तोंडाने मागायला लावायच्या, चॉकलेट देऊन भागायचं नाही. तुम्ही पेढे दिलेत, अभिनंदन केलंत आणि म्हणालात, "इंजिन जरा आवाज करतंय, बघता का?" काकांनी पेढा खाल्ला. तुमच्यासाठी चहा सांगितला. बॉनेटला हात लावला नाही. "कंपनीची गाडी हाय साहेब. आपल्याकडं तसली हत्यारं न्हाईत. नांदेडलाच न्या." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तुम्ही चहा संपवलात. इतका सावकाश चहा कोणी प्यालेला मी पाहिलेला नाही. घरी येताना एवढंच म्हणालात, "मिस्त्री म्हातारा झाला." वर्षभरात गाडी विकलीत आणि रिक्षाने कोर्टात जाऊ लागलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मिस्त्रीकाका आले होते, हे तुम्हाला कसं कळणार? आईसमोर हात जोडले, तुमच्याकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले. कोणी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

कित्येकदा वाटलं, त्या दिवशी फाटक का उघडलं नाहीत, हे तुम्हाला विचारावं. आज सगळं लिहून काढलं आणि आपण फार धीट झालो असं वाटलं. तसं नाही, अण्णा. तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुमच्या हाती दिलं नसतं. तुमचा चेहरा उतरलेला मला बघवत नाही.