अर्ध्या वर्गाला काहीच शिकवायचं नाही

३ जून
ठरलं. अठरा वर्षं जिवाणू वाढवले, आता मुलं घडवणार. अकरा देशांत शाळा चालवणाऱ्या एका विकाससंस्थेकडे अर्ज केला. प्रयोगशाळेच्या संचालकांनी राजीनामा घेतला नाही. महिनाभर रजा घ्या, खूळ उतरलं नाही तर बघू, म्हणाले. खूळ हा शास्त्रीय शब्द नाही.

५ जून
संस्थेची अट: जवळच्या शाळेत एक नमुना पाठ घ्या, मुलं किती शिकली ते कळवा. निवड त्यावरच. सोपं आहे. बायको म्हणाली, आधी घरच्या लेकीला भागाकार शिकव, मागच्या वेळी दोघंही रडला होतात. मला सर्दी होती.

९ जून, सकाळी ७
विषय: गढूळ पाणी स्वच्छ कसं होतं. बादलीभर चिखलपाणी शाळेच्या अंगणात ठेवून फोटो काढले. स्लाइड्स ६४. लेक म्हणाली, बाबा, चौथीतली मुलं आहेत ती, तुझे परीक्षक नाहीत. पटलं. ६१ केल्या.

१२ जून
एक शंका छळते आहे. मुलं शिकली तर ती माझ्यामुळेच, हे सिद्ध कसं करणार? कंट्रोल गट हवा. अर्ध्या वर्गाला मी शिकवायचं, उरलेल्यांना कुणीच काही शिकवायचं नाही. मग परीक्षा एकच. मुख्याध्यापिकांना योजना सांगितली. शाळेत हे नवीन नाही, म्हणाल्या, फक्त आधी सांगून कुणी करत नाही.

१६ जून
पाठ उत्तम. वीस मुलं अगदी शांत. दोघं झोपली, पण शांतपणे. कंट्रोलची वीस अंगणात, शिपाई मावशींकडे. काही शिकवू नका, असं त्यांना बजावलं होतं. मला कुठं काय येतंय साहेब, म्हणाल्या.

१७ जून
दहापैकी सरासरी गुण. माझा गट: तीन. कंट्रोल: नऊ. तीनदा तपासलं. मग मावशींना गाठलं. शिकवलं काहीच नाही, म्हणाल्या. तुमची बादली तशीच पडली होती, झाडांना घालायची तर झारी तुंबणार. म्हणून पोरांना म्हटलं, गाळा. फडक्यानं गाळलं, वाळूतून गाळलं, सारखं का, का विचारत होती. मी म्हटलं, मला काय विचारता, बघा की.

१९ जून
'कंट्रोल गट दूषित झाला' अशी तळटीप देता येईल का, यावर दिवस घालवला. मनाला पटेना. घडलं तसं सगळं कळवलं. असला प्रामाणिकपणा बघून तर घेतीलच.

२४ जून
संस्थेचं उत्तर. अहवाल फार आवडला. मावशींचा फोन नंबर मागितला आहे.

२६ जून
मावशी तयार आहेत. अर्ज मात्र साहेबांनीच भरून द्यावा, म्हणाल्या. भरला. शिफारस करणाऱ्याच्या जागी माझं नाव.
संचालकांना फोन केला. सोमवारी येतो म्हटलं.
तरी एक नोंदवून ठेवतो. कंट्रोल गटाची कल्पना माझीच होती.