पाण्यात उतरण्यास सक्त मनाई

६ मार्च

धरणाचे धनी, शिट्टीमास्तर यांस,

सा. न. वि. वि. (गुडघ्यांमुळे साष्टांग उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घ्या.)

बाळंतपणानंतर लेकीची तब्येत आता छान आहे. नात थेट तुमच्यावर गेली आहे. पाळण्याजवळ कोणी फिरकलं की आधी बोंब ठोकते, मग बघते कोण आलंय ते. धरणावर फोन लागत नाही म्हणून पत्र तिकडे पाणी शुद्ध करायची तुरटी आणणाऱ्या ट्रकवाल्या भाऊंबरोबर पाठवते आहे. त्यांना चहा पाजा, पाण्याची पातळी सांगत बसू नका.

आता खरी बातमी. इमारतीच्या मागेच पोहण्याचा तलाव आहे. सकाळी आपल्यासारख्या साठीच्या मंडळींची वेळ असते. लेकीने तिथे माझं नाव घातलं! तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. आपण चाखलं खरं, पण लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून एवढं पाणी बघत भांडी घासली आणि कधी घोटाही भिजवला नाही. चौकीदाराच्याच बायकोने नियम मोडला असता तर तुमचं नाक कापलं गेलं असतं ना!

महिनाअखेरीला लेकीला विचारून तुमच्यासाठीही पलंग घेणार आहे. एप्रिलच्या शेवटी निवृत्त झालात की सरळ इकडे या.

राग नसावा, लोभ तर मुळीच आटू नये.
तुमची कोरडी बायको

१५ मार्च

सौ. बाईसाहेबांस अ. उ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. लोकांनी प्यायचं पाणी आहे हे! साहेबांच्या मेहुण्याला मी पाय बुडवू दिला नाही, म्हशीची शेपूट लागू दिली नाही, आणि तिकडे शहरात त्यात माणसं डुंबतात? इथे माझं न ऐकणारा एकच, पाण्याची पातळी मोजायच्या खांबावर बसणारा पाणकावळा. शिट्टी मारली की माझ्याकडे बघून बुडी मारतो. त्यात आता तुझी भर.

पलंग घेऊ नकोस. खालच्या वस्तीत एक खोली पाहून ठेवली आहे. तिच्या खिडकीतून धरणाची भिंत दिसते. तुमच्याकडे नुसते नळ. नळाला काय राखायचं?

तू मात्र खोलात जाऊ नकोस. नातीला पापा.

तुझाच, काठावरचा

२ एप्रिल

शिट्टीमास्तर यांस सा. न. वि. वि.

मी तरंगले! पोटाखाली शिकवणारीचा हात आहे या भरवशावर पडून होते. बघते तर ती पलीकडे उभी राहून हसत होती. ती आपल्या लेकीहूनही लहान, पण तिच्यापुढे आम्ही सगळे म्हातारे चळाचळा कापतो.

तिथल्या पंपवाल्याला विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, शहरात दुसरं आहेच कुठलं, धरणाचंच. त्या दिवसापासून माझी भीती गेली. पाठीखाली घरचंच पाणी आहे म्हटल्यावर कशाला घाबरायचं? तुम्ही राखलंत म्हणून ते इथवर आलं, आणि हे मी तलावात सगळ्यांना सांगितलं आहे. येत्या रविवारी या. नातीलाही बघा आणि मलाही.

लोभ भरून वाहो.
तुमची ओली बायको

१४ एप्रिल

शिट्टीमास्तर यांस,

नमस्कार नंतर. आधी भांडण.

तुम्ही तलावाच्या दारातून आत आलात, मला मधोमध पाहिलंत, आणि खिशातून ती शिट्टी काढून अशी वाजवलीत की सगळा तलाव रिकामा झाला! शिकवणारी सगळ्यात आधी बाहेर. आमच्यातले निवृत्त हवालदारसाहेब तर ओल्या चड्डीवर सावधान उभे. आणि तुम्ही? आल्या पावली ट्रकमध्ये बसून परत. सगळे पोट धरून हसले, तेव्हा मीही हसले. पण घरी येऊन रडले. मी बुडत नव्हते हो. या टोकाहून त्या टोकाला पहिल्यांदाच एकटी निघाले होते, ते तुम्ही बघावं म्हणूनच. आणि नेमकं अर्ध्यात थांबवलंत.

त्या खोलीची अनामत दिलीत का? तुम्हाला तिकडेच राहायचं असेल तर मी येईन. बायको आहे तुमची. पण धरण सुटत नाही की आणखी काही आहे, ते एकदा खरं सांगा.

लोभाचं तुम्हीच बघा.

३० एप्रिल

बाईसाहेबांस अ. उ. आ.

आज चार्ज दिला. टॉर्च, रेनकोट, किल्ल्या आणि शिट्टी नव्या पोराच्या हवाली केली. पाणकावळ्याचीही ओळख करून दिली. पोराने शिट्टी मारली, पाणकावळ्याने बुडी मारली. तेव्हा पोराला आपण रुजू झाल्याची खात्री पटली.

तू खरं विचारलंस, तर ऐक. तुला पाण्यात पाहिलं तेव्हा मला नियम आठवला नव्हता. मला पोहता येत नाही. इतकी वर्षं काठावर कोणी पोर दिसलं की आधी मनात यायचं, हे बुडालं तर मी काय करणार? माझ्याकडे शिट्टीशिवाय काहीच नव्हतं. ती आधीच जोरात वाजवायची, एवढंच मला येत होतं. त्या दिवशीही तेवढंच केलं. तू बुडत नव्हतीस. बुडालो होतो तो मीच.

अनामत परत घेतली. भिंतीकडे बघत एकटा बसण्यापेक्षा तुला त्या टोकाला पोचलेली बघेन. पलंग घे. तलावात माझंही नाव घाल आणि हवालदारसाहेबांना विचारून एक चड्डी आण, जरा लांब. हे पत्र आज तुरटीच्या ट्रकने पुढे पाठवतो, उद्याच्या ट्रकने मी निघतो. शिट्टी जमा केली आहे, तेव्हा भ्यायलो तर तुला हाकच मारावी लागेल. तू खोल बाजूला उभी राहा.

लोभ दिवसेंदिवस वाढावा. पाणी मात्र सुरुवातीला कमरेइतकंच असावं.

तुझा,
उद्यापासून ओला