मनगटावरचा क्रूस

माझ्या दिमयानाला, आणि बाळाला ढीगभर पापे.

मी बरा आहे. पोर्ट सईदच्या या बेकरीत गरम रोटी पोटभर मिळते. आईचा गुडघा कसा आहे? आपला अबानूब आता रांगतो का?

पीठ मळताना बाह्या वर कराव्याच लागतात, त्यामुळे मनगटावर गोंदलेला क्रूस सगळ्यांना दिसतो. भट्टीवरचा रगब रोज आपल्या लोकांना देतात ती जुनी शिवी देत ओरडतो, "ए निळ्या हाडाच्या ख्रिश्चना, तुझ्या देवाला स्वतःचे खिळे उपटता आले नाहीत, तो तुला काय वाचवणार?"

निघताना फादर म्हणाले होते, कुणी हिणवलं तर आशीर्वाद द्यायचा. मी दिला. "देव तुझं भलं करो," म्हटलं. आता कुणी नुसतं शिंकलं तरी सगळे माझा आवाज काढून तेच म्हणतात आणि खिदळतात. ते शब्द आता प्रार्थनेतही माझ्या तोंडून फुटत नाहीत. फादरना यातलं काही सांगू नकोस.

संत गिरगिसच्या जत्रेत बाळाचं मनगट गोंदवणार आहेस ना? गोंदव, मी नको म्हणत नाही. सुई टोचली की तो रडेल. तेव्हा "झालं हं, आता नाही दुखणार," एवढं मात्र त्याला सांगू नकोस.

तुझाच,
बिशोय