मामांच्या पाठीस साष्टांग नमस्कार

तीर्थरूप मामांच्या पाठीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर तोंडास करायला हवा. पण कामाच्या वेळी तुमचं तोंड खिडकीकडे आणि पाठ उरलेल्या जगाकडे असते, आणि माझी पत्रं तुम्ही कामाच्या वेळीच ऐकता. तेव्हा जे समोर असतं त्यालाच नमस्कार केलेला बरा.) मामीनं वाचायचं आणि तुम्ही विणायचं, ही तुमच्या घरातली टपालाची रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. हातातलं काम टाकून पत्र वाचणारा माणूस तुमच्या मते रिकामटेकडा. त्यामुळे तुमचे हात चालू द्या, इकडे माझं तोंड चालू राहील.

तुमचे गुडघे कसे आहेत? डावा कान कसा आहे? मागे दाराशी कोणी बादली आपटली तरी तुम्हांला पत्ता लागत नाही, असं मामी फोनवर सांगत होती. अजून तसंच असेल तर उत्तम. म्हणजे, काळजी घ्या. पण औषधांची घाई करू नका, निदान या रविवारपर्यंत तरी. मामीचा घसा कसा आहे? (मामी, पाण्याचा तांब्या घेऊन मामांच्या उजव्या बाजूला बस, पत्र लांब आहे.) दातांच्या डॉक्टरीणबाईंची डुलती खुर्ची विणायला घेतलीय म्हणे. उभे-आडवे वेत झाले, तिरपे चाललेत, मग फक्त किनार राहील, असं कळलं. छान. आईची तब्येत ठणठणीत आहे, ती फक्त माझा विषय निघाला की बिघडते.

विषय काय निघतो तेही सांगतो. दर रविवारी सकाळी मी माझी 'कारागीर फेरी' काढतो, हे तुम्हांला माहीत आहे. बघायला आलेले लोक गोळा करायचे, जुन्या गल्ल्यांमधून पायी फिरवायचे, आणि हातानं वस्तू घडवणाऱ्या माणसांच्या दुकानांत नेऊन काम कसं चालतं ते दाखवायचं. त्यासाठी पालिकेच्या पर्यटन खात्यानं मला छातीवर लावायला एक बिल्लाही दिलाय. (आई म्हणते, बिल्ला हमालांनाही असतो. पण हमाल निदान काहीतरी उचलतात, हे वाक्य काकांनी जोडलं.) ही माझी पाचवी नोकरी की सहावी, यावर घरात दोन तट पडलेत. एवढं सोडलं तर ही टिकणार नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. काकांनी तर त्यांच्या पाइपांच्या दुकानात माझ्यासाठी गल्ल्याशेजारी एक स्टूल आणूनही ठेवलंय.

तुम्हांलाही मी फेरीसाठी दोनदा विचारलं होतं. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, "मी काय पिंजऱ्यातलं माकड आहे?" दुसऱ्या वेळी नुसता कोपऱ्यातला झाडू उचललात. त्यानंतर मी तो विषय कायमचा सोडला. (मामी, इथे खोकू नकोस.)

पण तुम्ही नाही म्हणालात ते किती बरोबर होतं, हे मला आता कळतंय. कारण बघणारे आले की कारागिराचं काय होतं, ते मी याची देही याची डोळा पाहिलं. आमचे बूटवाले आजोबाच घ्या. सज्जन माणूस, आयुष्यभर मान खाली घालून बूट शिवले. पहिल्या रविवारी त्यांनी एका बुटाच्या टाचेत शेवटचा खिळा असा काही एका ठोक्यात बसवला, की आमच्या मंडळींच्या तोंडून मोठ्ठं 'वाऽऽ' निघालं. झालं! माणूस एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढला की त्याला खाली उतरवायला शिडी पुरत नाही. पुढच्या रविवारी बघतो तर तोच बूट, तीच टाच, तोच खिळा. आदल्या दिवशी आजोबा तो पकडीनं उपटून ठेवायचे आणि आमच्यासमोर पुन्हा ठोकायचे. असं किती रविवार चाललं देव जाणे. (मीही गप्प बसलो, कारण 'वाऽऽ' दर वेळी नव्यानं निघत होतं.) मग एकदा फेरीत एक गणिताच्या बाई आल्या. पायात न्हाणीघरातल्या सपाता. मला वाटलं, साधी राहणी. आजोबांनी बूट वर धरला, हातोडी उचलली, आणि बाई गर्दीतून ओरडल्या, "अहो, हा तर माझा बूट!" त्या सपाता घालून शाळेत जात होत्या आणि आजोबा दर आठवड्याला 'चामडं अजून बसलं नाही' म्हणून निरोप धाडत होते. त्यांनी जागच्या जागी आजोबांचा तोंडी हिशेब घेतला. 'वाऽऽ' त्याही वेळी निघालं, पण ते बाईंसाठी होतं.

पुस्तकं बांधणारी ताई तर तोंडातून शब्द न काढणारी म्हणून प्रसिद्ध होती. शेजाऱ्यांना ती मुकी वाटायची. फेरीतल्या एकीनं तिला सहज विचारलं, "या कामातून तुम्हांला काय मिळतं?" एवढंच. जणू धरणाचा दरवाजा उघडला. आता मंडळी आली की ती सरसाचा ब्रश हवेत धरते, डोळे मिटते आणि पुठ्ठा म्हणजे काय, पान म्हणजे काय, दोरा म्हणजे आयुष्य कसं, यावर बोलत राहते. ब्रशवरचा सरस वाळतो, भांड्यातला सरस थिजतो, एका होतकरू मुलाचा प्रबंध सुट्या पानांत तसाच पडून राहतो. तो बिचारा दर रविवारी फेरीचं तिकीट काढून येतो आणि तिच्यासमोर प्रबंधाचं पहिलं पान धरून उभा राहतो. (ती म्हणते, "बघा, तरुण पिढीला किती ओढ आहे.")

आणि चाकवाला. त्याचं मडकं एकदा चुकून चाकावरच बसकण मारून कोसळलं, तर लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या. चांगल्या मडक्याला कधी वाजवल्या नव्हत्या. तेव्हापासून तो मुद्दाम पाडतो आणि पाडल्यावर कपाळाला हात लावतो.

अशा या नाटक मंडळीत मागच्या रविवारी पर्यटन खात्यातल्या एक बाई आल्या. बिल्ला चालू ठेवायचा की काढून घ्यायचा हे त्यांच्या हातात. जाड चष्मा, बोलणं मोजकं. खिळा ठोकून झाला, पुठ्ठा म्हणजे काय ते झालं, मडकं कोसळलं. बाई म्हणाल्या, "यातली तयार झालेली एखादी वस्तू विकत मिळेल का? आठवण म्हणून." मी तिन्ही दुकानं पालथी घातली. मामा, शपथेवर सांगतो, अख्ख्या फेरीत तयार झालेली वस्तू एकच होती, ती म्हणजे आम्ही टपरीवर घेतलेला चहा.

आणि अजून व्हायचं ते बाकीच होतं. गर्दीत लोकांना मी दिसावा म्हणून मी लांब काठीचा, निळ्या पिसांचा झटकणी-झाडू उंच धरून चालतो. (हो, मलाही झाडूच सुचला, रक्ताचा गुण.) बाजारचौकात कुणीतरी साधा गृहस्थ अगदी तसाच नवा झटकणी-झाडू विकत घेऊन, खांद्यावर टाकून घरी निघाला होता. अर्धी फेरी त्याच्या मागं गेली. त्यात बाईही! तो जिना चढला, हे चढले. त्यानं दार लोटलं, हे उंबऱ्यात शिस्तीत उभे राहिले. तो गृहस्थ स्वभावानं तुमच्यासारखाच असावा, मागं वळून बघायची सवयच नाही. तो स्टुलावर चढला आणि छताचा पंखा पुसू लागला. एकेक पातं, दोन्ही बाजूंनी, मग दांडा, मग वरची वाटी. सगळे श्वास रोखून बघत राहिले. पंखा लख्ख झाला, त्यानं खाली उतरून तो चालू केला, आणि वारा लागल्यावर कुणीतरी खुशीत हुंकार भरला, तेव्हा कुठे तो वळला आणि स्टुलाला अडखळून पडता पडता वाचला.

मी शोधत शोधत पोचलो तेव्हा बाई जिना उतरत होत्या. मला वाटलं, आता बिल्ला गेला. बाई म्हणाल्या, "आज सकाळपासून एवढंच एक खरं काम बघितलं. सुरू झालं आणि संपलं. आणि त्याला ठाऊक नव्हतं आम्ही बघतोय ते." मग बिल्ल्याकडे बोट करून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मला असा एक कारागीर दाखवा. समोर काहीतरी पुरं झालेलं बघायचंय मला. नाहीतर हा काढून ठेवा."

मामा, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. हा बिल्ला गेला तर मला फार वाईट वाटेल. पाइपांच्या दुकानाची भीती आहेच, पण ते कारण नाही. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आलो की तुम्ही मला कामाच्या खोलीतून हाकलायचात, आणि मी दाराच्या फटीला डोळा लावून दुपार दुपार तुमची पाठ बघत बसायचो. पाठीवरूनच कळायचं, की आता वेत बादलीतून निघाला, आता भोकातून ओढला, आता खुंटी ठोकली. आणि शेवटी तुम्ही तळहात विणीवरून एकदा फिरवायचात, तेव्हा मला उगीचच आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटायचं. त्याच्याइतकं चांगलं काही मी अजून बघितलेलं नाही. ती फट लोकांना दाखवायची, एवढाच माझा धंदा आहे. बाकी आई म्हणते ते सगळं खरं.

असो. तुमच्याकडे मागणं काहीच नाही, सहज मन मोकळं केलं. लहानांस आशीर्वाद लिहायचे तर तुमच्या घरात लहान मीच, ते मी घेतले.

तुमचा (आईच्या मते तुमच्यावरच गेलेला)
भाचा

ता. क. (मामी, हा मनातल्या मनात वाच आणि तोंडानं हवापाण्याचं काहीतरी बोलत राहा.) किनार कुठवर आली? भोकांतल्या खुंट्या अजून काढून व्हायच्या असतील तर गणिताच्या बाईंचा मजकूर पुन्हा वाच. मामांना कळणार नाही, माझं बोलणं त्यांनी पहिल्या खेपेला कधी ऐकलंय? सगळ्यांना चपला खाली जिन्यातच काढायला सांगितल्या आहेत. चष्मेवाल्या बाईंना पुढे उभं कर. आणि तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, पत्र लांबवायची युक्ती तुझीच.

दुसरा ता. क. (हा मोठ्यानं. पण त्यांनी विणीवरून तळहात फिरवल्यावरच.) मामा, मागणं काही नाही म्हणालो होतो, ते खोटं नव्हतं. मागायचं होतं ते तुम्ही आत्ताच पुरं केलंत. आता मागे वळा. दारात अनवाणी उभी आहे ती माझी फेरी. माझं पत्र सुरू झाल्यापासून सगळे तुमची पाठ बघताहेत, आणि कुणी शिंकलंसुद्धा नाही. बाईंना खुर्ची जवळून दाखवा, बसू मात्र देऊ नका, वेत वाळल्याशिवाय कोणाला बसवायचं नसतं, एवढं मी फटीतून शिकलोय. सगळ्यात मागे, कपाटाच्या आडोशाला उभा आहे तो मी. कोपऱ्यातला झाडू शोधू नका, तो माझ्या हातात आहे. एवढे सगळे गेले की मागा, मी मुकाट्यानं देईन.